मोकळ्या हातानं

नोकरीची पहिली पंचवीस वर्षं मी लोकांना ‘खा’ म्हणून सांगितलं आणि शेवटची सात-आठ वर्षं ‘कमी खा’ म्हणून. गाव तेच, घरं तीच, पुष्कळदा माणसंही तीच. जिच्या बाळंतपणाआधी ‘दोन घास जास्त खा गो’ म्हणून मी मागं लागले होते, तिलाच वीस वर्षांनी ‘भात आवर’ म्हणायची पाळी आली. ती म्हणाली, “सिस्टर, एकदा काय ते ठरवा नि मग सांगा.”

तिचं नाव कुंदा. पुढं जे सांगणार आहे ते बरंचसं तिच्यामुळे घडलेलं आहे. नाव मी बदललं आहे. लिहू का म्हणून विचारायला गेले तेव्हा तिनं बजावलं होतं, “लिवा, पण माझं नाव नको. गावात काय कमी नाव झालंय?” तशीच बाकीच्यांचीही नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव लिहीत नाही. खांबच्या नाक्यावरून आत वळलं की कालव्याच्या कडेनं जाताना लागणारं एक गाव, एवढं पुरे.

मी आरोग्यसेविका होते. आता निवृत्त होऊन पेणला रामवाडीत राहते. शहरातल्या नातेवाइकांना अजून वाटतं की मी डॉक्टरांच्या मागं ट्रे घेऊन उभी राहायचे. डॉक्टर माझ्यापासून आठ किलोमीटरवर, प्राथमिक आरोग्य केंद्रात. माझ्या ताब्यात दोन खोल्यांचं उपकेंद्र, मागं राहायला एक खोली, आणि हाताखाली म्हणण्यापेक्षा सोबतीला आशाताई. पाच गावं, दोन वाड्या. गरोदर बायका, लसीकरण, क्षयाच्या गोळ्या, तापाच्या रक्ताचे नमुने, विहिरीत टाकायची पावडर, आणि या सगळ्याची रजिस्टरं. रजिस्टरं इतकी की कधी कधी वाटायचं, माणसं रजिस्टर भरावं म्हणूनच आजारी पडतात. नोकरीची सुरुवात याच उपकेंद्रात झाली होती. बदल्या होत होत शेवटी परत इथंच आले.

परत आले तेव्हा वरून काम आलं होतं, तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं ब्लडप्रेशर आणि साखर तपासायची. मला मनातून ते पटलं नव्हतं. डायबेटीस हा गादीवर बसणाऱ्यांचा रोग, आमच्या कुणब्यांच्या गावात तो कशाला येईल! पहिल्या आठवड्यात कुंदाच्या बोटाला सुई टोचली. साखर तीनशेच्या वर. मला वाटलं मशीन बिघडलं. दुसऱ्या बोटाला टोचली, तेच. नंतर तिच्या आळीतल्या आणखी चारजणींची निघाली, तेव्हा मशीनला दोष देणं थांबवलं.

ही कुंदा म्हणजे एके काळची लावणीतली पहिल्या नंबरची बाई. भाताची रोपं लावताना तिच्या ओळीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. पण आता अर्धी शेतं विकली गेली होती, नळ दारात आला, चुलीच्या जागी गॅस आला, नवरा कंपनीत शिफ्टला जायला लागला. कष्ट गेले आणि भूक मागं राहिली. सकाळी चहात बुडवून बेकरीचे बटर, दुपारी भाताचा डोंगर नि वर पातळ आमटी, चारला पुन्हा चहा, नाक्यावर कोणी गेलं तर वडापाव, रात्री पुन्हा डोंगर.

मी तिला आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी दोन तऱ्हेच्या गोळ्या लिहून दिल्या. मी तिला तीनतीनदा बजावलं, “काय वाट्टेल ते होऊ दे, गोळी चुकवायची नाही.” आणि हातात आहाराचं छापील पत्रक दिलं. त्यात ओट्स होते, ब्रोकोली होती आणि मासे ‘ग्रिल’ करून खायला सांगितले होते. कुंदानं ते पत्रक वाचलं, नीट घडी घातली आणि फळीवरच्या डब्याखाली अंथरलं.

गोळी मात्र तिनं एकदाही चुकवली नाही. तिथंच घात झाला.

नवरात्रातली तिसरी माळ. मी लशीचा डबा घेऊन आळीतून जात होते. कुंदाच्या अंगणात ही गर्दी. आत पाहते तर घटासमोर कुंदा भिंतीला टेकून बसलेली, केस सुटलेले, अंग थरथरतंय, तोंडानं काहीतरी पुटपुटतेय. बायकांनी तिच्या कपाळाला हळदीकुंकू फासलं होतं. तिची सासू, सगळं गाव जिला आयस म्हणतं ती, हात जोडून समोर बसली होती.

“आली गो, आई आली!” मला बघून कोणीतरी म्हणालं. “सिस्टर, नमस्कार करा.”

मी नमस्काराच्या निमित्तानं पुढं झाले आणि तिचा हात धरला. बर्फासारखा गार आणि घामानं निथळलेला. पिशवीतलं मशीन काढून बोटाला टोचलं. साखर इतकी खाली की मी आकडा बघून दुसऱ्यांदा बघितला नाही.

“आयस, ही किती दिवस उपाशी आहे?”

“नवरात बसल्यापासनं. पाण्यावर हाय. कडक धरते ती.”

“आणि गोळी?”

“ती चुकवत नाय. तुमीच सांगितलंत ना!”

त्यातली एक गोळी अशी असते की पोटात अन्न नसलं तर ती साखर धाडकन खाली ओढते. हे मला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं, परीक्षेत मी लिहिलेलंही होतं.

“साखर आणा,” मी ओरडले. आयस उठली आणि माझ्या आडवी झाली.

“उपास मोडायचा नाय. देवी घरात बसलीय. कोप झाला तर तू भरशील काय?”

बेशुद्धीकडे चाललेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतता येत नाही, ठसका लागून जीव जातो. गालाच्या आत, हिरडीवर साखर चोळायची असते. हे सगळं म्हातारीला समजवायला वेळ नव्हता. माझी नजर घटाकडे गेली. समोर वाटीत खडीसाखर ठेवलेली.

“आयस, देवीला नैवेद्य कशाचा दाखवलात?”

“खडीसाखरेचा.”

“मग देवी आलीय म्हणताय ना? तिचा नैवेद्य तिच्या तोंडात घाला. तुमच्याच हातानं.”

आयसनं वाटी उचलली, खडीसाखर बत्त्यानं ठेचली आणि सुनेच्या गालाच्या आत आपल्या बोटानं चोळायला लागली. मी कुंदाला कुशीवर वळवून तिचं डोकं धरून होते. पाच मिनिटं, सात मिनिटं. पुटपुटणं थांबलं. मग डोळ्यांत ओळख आली. गिळता येतंय याची खात्री झाल्यावर साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं, रिक्षा बोलावली आणि आरोग्य केंद्रात नेलं.

दोन दिवसांनी ती घरी आली तेव्हा मी भेटायला गेले. वाटलं, आभार मानेल. ती माझ्यासमोर बसली आणि शांतपणे म्हणाली, “सिस्टर, गोळी घे म्हणून तुमी तीन-तीन येळा सांगितलंत. उपास करतीस काय म्हणून एकदा पण इचारलंत नाय.”

तिच्या घरी नऊ दिवस घट बसतो हे मला वीस वर्षं माहीत होतं. पहिल्यांदा इथं होते तेव्हा दर वर्षी मी तिथं प्रसाद खाल्लेला होता.

त्या दिवसापासून पत्रकं वाटणं मी बंद केलं. स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागले. काय खाता, केव्हा खाता, कोण आधी जेवतं, कोणासाठी काय राखून ठेवता. बायका आधी लाजल्या, मग सांगायला लागल्या. तेव्हा मला कळलं की भात निघाल्यावर याच शेतात वाल होतात, मूग होतात, चवळी होते. ते सगळं रोह्याच्या बाजारात विकायला जातं नि त्या पैशांतून बटरचे पुडे येतात. शेवग्याचं झाड प्रत्येक परसात, पण त्याचा पाला खायचा तो गोकुळाष्टमीला. नाचणीची भाकरी म्हाताऱ्यांची म्हणून तरण्यांनी सोडलेली. जे खायला हवं ते सगळं घरात होतं, ताटात तेवढं नव्हतं.

कुंदा डोक्यानं तल्लख. तिनंच युक्ती काढली. ताटात आधी वालाचं बिरडं किंवा मुगाची उसळ, पालेभाजी, असली तर मासळीची तुकडी, आणि भाकरी. ते संपलं की मग भात. “आधी भातानं पोट भरतं म्हणून दुसऱ्याला जागा उरत नाय,” ती म्हणाली. “भाताला पाठी ठेवायचा. तो काय रुसत नाय.” आयस मात्र रुसली. तिच्या लेखी भात आधी न वाढणं म्हणजे पाहुण्याला उंबऱ्यावरून परत धाडणं. पंधरा दिवस तिनं आपलं ताट आपण वाढून घेतलं.

खाण्याचं मार्गी लागायला लागलं. चालायचं मात्र अडलं.

दिवाळीनंतर मी दहा-बाराजणींना उपकेंद्रात बोलावलं आणि रोज अर्धा तास चालायला सांगितलं. सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या.

“काय झालं हसायला?”

कुंदाच बोलली. “सिस्टर, बाई मोकळ्या हातानं चालली ना, तर दर दारातनं इचारतात, कुठं चाललीस गो? डोक्यावर हंडा असला, काखंत मूल असलं, तर कोण इचारत नाय. मोकळ्या हाताला उत्तर द्यावं लागतं. काय सांगायचं? साखर जाळाय चाललंय?”

पंचवीस वर्षं मी पिशवी घेऊन वणवण हिंडले, पण माझ्या खांद्याला पिशवी होती म्हणून मला कोणी विचारत नव्हतं, हे तेव्हा ध्यानात आलं.

उपाय पण त्यांचाच. पाचजणी कोयता नि दोरी घेऊन निघाल्या, लाकडाला चाललो म्हणून. कालव्याच्या बांधावरून झपझप पुढच्या पुलापर्यंत जायचं नि परत यायचं. पहिले आठ दिवस बरे गेले. मग गावाच्या लक्षात आलं की बाया रोज लाकडाला जातात आणि काटकी घेऊन परत येत नाहीत. शिवाय घरोघर गॅस. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर रोज बसणारे दामूतात्या एका संध्याकाळी मोठ्यानं म्हणाले, “काय गो कुंदे, रान संपलं काय, का तुमची लाकडं चालत घरी जातात?”

हे दामूतात्या म्हणजे कधीकाळचे कबड्डीपटू. पंचक्रोशीत त्यांची चढाई गाजलेली. आता कंपनीतून निवृत्त. त्यांच्या थट्टेवर टपरी हसली आणि दुसऱ्या दिवशी पाचाच्या तीनच बायका आल्या.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय येईल असं मला वाटलं नव्हतं. रस्ता, पाणी, स्मशानशेड झाल्यावर दामूतात्या उठले. “ऐन संध्याकाळी बाया कालव्यावर हिंडतात. घरात चुली थंड. हे सिस्टरनी सुरू केलंय. सरकारी माणसानं गावाच्या घरात किती शिरायचं? हे बंद करा.” पुष्कळ माना हलल्या. सरपंच माझ्याकडे बघायला लागले. बंद करा असा ठराव झाला असता तर कुंदाच्या नवऱ्यानं देखील तिला घराबाहेर सोडलं नसतं, आणि मग त्या गावात बाई पुन्हा कधी चालायला बाहेर पडली नसती.

मी उठायच्या आत मागून आवाज आला. आयस. ही बाई आयुष्यात ग्रामसभेत बोललेली नव्हती. बसल्या बसल्याच म्हणाली, “माझी सून चालंल. चूल मी पेटवीन. दुसऱ्या कोणाची चूल थंड पडत असंल तर नाव सांगा, त्याची पण पेटवून येतंय.”

हशा झाला. दामूतात्यांना तो लागला. ते लालबुंद होऊन माझ्याकडे वळले. “बायांची साखर दिसते तुमाला! माझ्या महेशला कोणी इचारलं? तो शिफ्टवरनं घरी यायचा तेव्हा तुमच्या उपकेंद्राला कुलूप. तो कामावर जायचा तेव्हा पण कुलूप. उघडं कोणासाठी असतं ते?”

हशा थांबला. महेश त्यांचा मुलगा. अडतीस वर्षांचा, कंपनीत कामाला. दोन महिन्यांपूर्वी सकाळी दात घासताना त्याचं तोंड वाकडं झालं होतं, उजवी बाजू लुळी पडली होती. ब्लडप्रेशर. माझ्या रजिस्टरात त्याच्या नावापुढं तीनदा लिहिलेलं होतं, ‘घरी आढळला नाही’. मी दर वेळी सकाळी अकराला जायचे. अकराला तो कसा आढळणार होता?

मी उभी राहिले. बोलायचं बरंच ठरवून आले होते, ते सगळं गेलं. म्हटलं, “तात्या, तुमचं खरं आहे. चूक माझी आहे. महेशचं आता मागं फिरवता येणार नाही. पण सोमवारी सकाळी कंपनीची बस नाक्यावर येते त्याआधी मी तिथं मशीन घेऊन उभी असेन. तुमच्या ओळखीची पोरं आहेत. त्यांना माझ्यासमोर उभं करायचं काम तुम्ही करा.”

तात्या खाली बसले. ठराव झाला नाही.

सोमवारी सहाच्या आधी नाक्यावर गेले तर टपरीचं बाकडं पुसून ठेवलेलं आणि शेजारी दामूतात्या. एकेका पोराला दंडाला धरून आणत होते. “बाही वर कर. गप. साहेबाला घाबरतोस तेवढा सिस्टरला घाबर.” पहिल्याच दिवशी तिघांचं ब्लडप्रेशर असं निघालं की मी त्यांना त्या बसमध्ये चढू दिलं नाही. त्यांतला एक आजही भेटला की लांबूनच दंड पुढं करतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एकही सोमवार मी चुकवला नाही. तात्यांनीही नाही.

बायकांनी कोयते घरी ठेवले. मोकळ्या हातानं, पदर खोचून, आठ-दहाजणी मोठ्यानं गप्पा मारत निघायला लागल्या. कोणी विचारलंच तर कुंदा सांगायची, “कुठं नाय, नुसती चालतंय!” काही दिवसांनी त्यांच्या पुढं पन्नास पावलांवर काठी घेतलेले दामूतात्या दिसायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, “कुत्री लई झालीत. हाकायला नको?” त्यांच्या मागं महेश, पाय ओढत, बापाच्या खांद्यावर हात ठेवून. आधी पहिल्या वळणापर्यंत, मग आंब्यापर्यंत. पुलापर्यंत तो कधीच पोचला नाही, अजूनही पोचत नाही, पण खांद्यावरचा हात सुटला. पावसाळ्यात बांध निसरडा होतो म्हणून बायांनी शाळेच्या पडवीत गौरीचा फेर धरला. गौरी येऊन गेल्या तरी फेर चालूच.

वर्षभरानं कुंदाची साखर औषधानं आणि पावलांनी आवाक्यात आली. पुढच्या नवरात्राआधी मी भाद्रपदातच दारोदार फिरले. उपास कोण धरणार, कोणत्या गोळ्या चालू आहेत, सगळी यादी करून डॉक्टरांकडे नेली. कुंदाच्या घरी आयसनं आधीच निकाल लावलेला होता. “माळ ती घालंल, उपास मी धरीन. देवीला माणूस बदललं तर चालतं.”

याच फेरीत मी रिबकाबाईंकडे गेले. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. एके काळी या भागात त्यांची पुष्कळ घरं होती, तेलाचे घाणे होते. आता गावात त्यांचं एकटीचं घर. मुलं, नातवंडं सगळी इस्रायलला. ऐंशीच्या घरातली बाई, बोली आमचीच. त्यांनाही साखरेच्या गोळ्या होत्या. मी नवरात्राचं विचारत सुटले होते, सवयीनं त्यांनाही विचारलं, “तुमचा काही उपास असतो का?”

“असतो तर! दरफाळणीचा सण. संध्याकाळपासनं दुसऱ्या संध्याकाळपर्यंत. पाणी पण नाय. दार लावून बसायचं नि देवाकडे माफी मागायची. यंदा तुमच्या दसऱ्यालाच आलाय.”

मी त्यांना आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून उपास करू नका म्हणून सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, “जिवावर बेतलं तर मोडायचा हे आमच्याकडे पण सांगितलेलं हाय. पण बेतलं का नाय ते मी ठरवीन. पोरं तिकडं, मी हिकडं. हा एक दिवस आम्ही सगळी एकच काम करत असतो.” डॉक्टरांनी हट्ट सोडला. मग त्यांनी गोळ्यांची व्यवस्था बदलून दिली, आणि घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी यांतलं काहीही झालं की त्या क्षणी साखर तोंडात, हे कबूल करून घेतलं. मी आणखी एक अट घातली. दार लोटायचं, पण कडी घालायची नाही. दिवस उजाडल्यापासून मी ओट्यावर बसेन आणि तासातासानं थाप मारीन. त्यांनी आतून काठी दोनदा आपटायची.

दसऱ्याच्या सकाळी सातला मी त्यांच्या घरी गेले तर ओट्यावर कुंदा बसलेली.

“तू कधी आलीस?”

“सहाला. थाप मारली, काठी वाजली. म्हातारी टुणटुणीत हाय.” मग तिनं मला सांगितलं की चालणाऱ्या बायकांनी आपसात दिवस वाटून घेतलाय. दसऱ्याचा दिवस, घरोघर तोरणं, पूजा, पुरण. त्यातून कोणाला केव्हा निघता येईल ते बघून पाळ्या लावल्या होत्या. “दुपारचं ऊन दामूतात्यांचं,” ती म्हणाली. “त्यांनी मागून घेतलं.”

इतक्या वर्षांत गावाचं पुष्कळ काम मी पाठीस लागून, रागावून, हातापाया पडून करून घेतलं होतं. हे मला कोणी विचारलंही नव्हतं. मला बक्षिसं फारशी मिळाली नाहीत, प्रमाणपत्रं दोन आहेत, त्यांतल्या एकात माझं नाव चुकलंय. पण त्या ओट्यावर बसताना मला जे वाटलं ते कोणाला मिळालं असेल असं वाटत नाही.

तीन वाजता कुंदानं थाप मारली. काठी वाजली नाही. पुन्हा मारली. नाही. दामूतात्या उठून उभे राहिले. मी पिशवीतलं मशीन आणि साखरेची पुडी काढली. कुंदानं दार हळूच ढकललं. आत रिबकाबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या, हातात पुस्तक, ओठ हलताहेत. प्रार्थना अर्ध्यात होती. आमच्याकडे न वळता त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली, जमिनीवर दोनदा दणकन आपटली आणि पुन्हा ठेवून दिली. हात स्थिर होता. कुंदानं दार ओढून घेतलं. दामूतात्या खाली बसले आणि बराच वेळ टोपीनं वारा घेत राहिले.

संध्याकाळी त्यांच्या रीतीप्रमाणं तीन चांदण्या दिसल्यावर उपास सुटायचा होता. ओट्यावर आता आम्ही सातजणं. आयसही आली होती. दामूतात्या मान वर करून मोजत होते. “एक ती, सुपारीच्या शेंड्यावर. दुसरी ती. तिसरी... नाय, ते इमान हाय.” तिसरी कुंदाला दिसली. तिनं दारावर थाप मारली.

दार उघडलं. रिबकाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या, चेहरा उतरलेला पण डोळे लख्ख. मी बोटाला सुई टोचली, आकडा बरा होता. आयसनं दुधाचा पेला पुढं केला. त्यांनी दोन घोट घेतले आणि ओट्यावरच्या एकेकाकडे बघितलं.

“गो, सकाळपासनं तुमी काय खाल्लंत?”

चहा सोडला तर मी काही खाल्लं नव्हतं. आपली पाळी संपल्यावरही कुंदा घरी गेली नव्हती. तात्यांच्या घरी पुरणपोळ्या झाकून ठेवलेल्या होत्या. आयसनं नऊ दिवसांचा उपास सोडायलाच हवा होता, तोही राहिला होता.

“ऐका!” रिबकाबाई म्हणाल्या. “मला अक्कल शिकवणारी ही माणसं.” त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. कुंदा मदतीला धावली आणि आतूनच ओरडली, “सिस्टर, हिकडं या, बघा तरी!”

चुलीच्या बाजूला मोठं पातेलं होतं, वालाच्या बिरड्याचं, काठोकाठ. शेजारी टोपलीत फडक्यात गुंडाळलेल्या भाकऱ्या. एकट्या बाईला आठ दिवस पुरलं असतं एवढं.

“हे कधी केलंत?” मी विचारलं.

“काल, दिवस मावळायच्या आधी. उपासाच्या दिवशी आमाला चूल चालत नाय.” त्यांनी पाट मांडायला घेतले. “मला ठाऊक होतं, तुमी काय मला एकटीला सोडत नाय.”